दुसऱ्याच्या हातचं काडतूस

शिकारीचा हंगाम शनिवारी उघडला. त्याच सकाळी ऑरिन स्टेन्स्रूडने आपला काडतुसांचा डबा उघडला आणि आतली काडतुसं दोनदा मोजली.

डबा वीस घरांचा. प्रत्येक घरात अंगठ्याएवढं जाड एक काडतूस, बूड वर करून उभं, आणि बुडावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. अठरा बुडं लाल होती. कोपऱ्यातली दोन कोरी. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. चष्मा पुसून बुडं लाल होत असती तर आणखी काय हवं होतं! कोरी होती ती कोरीच राहिली.

या ठिपक्याचं प्रकरण आधी सांगून टाकतो, नाहीतर एकाहत्तर वर्षांच्या माणसाने सकाळी सकाळी एवढी हाय का खाल्ली ते कळायचं नाही. हे काडतूस पंचेचाळीस-सत्तर नावाचं. दीडशे वर्षांचं जुनं, पण जुडिथ नदीच्या काठावर अजून त्याच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. ती दुकानातलं तयार काडतूस घेत नाहीत. वापरलेली पितळी पुंगळी घासूनपुसून पुन्हा घ्यायची, बुडात ठिणगी पाडणारी नवी केप बसवायची, काट्यावर तोलून बंदुकीची दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची. गोम आहे ती दारूच्या वजनात. ऑरिनची रायफल नवी, भक्कम, तिला कडक भरणी चालते. त्याचा दोस्त मर्ल कुबिक याची रायफल आजोबांच्या वेळची, लष्करातून निघालेली, मागून पेटीच्या झाकणासारखी उघडणारी. तिला सौम्य भरणीच हवी. तिच्यात कडक काडतूस गेलं तर झाकण उडतं, आणि ते कुठे येईल तर नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. बाहेरून दोन्ही काडतुसं जुळ्या भावांसारखी. म्हणून ऑरिन कडक भरणीला लाल ठिपका लावायचा, बायको गेल्यावर तिच्या कपाटात उरलेल्या बाटलीतला. इंगाला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आणि मर्लसाठी वीस काडतुसं या वेळी ऑरिनने भरली होती.

ही गोष्टच मुळात रीतीला सोडून होती. त्या मुलखात बाप मुलाच्या हातात बंदूक देतो तेव्हा पहिली गोष्ट सांगतो, दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्खा भाऊ असो नाहीतर चर्चचा पाद्री असो. कुणी देऊ केलं तर नको म्हणावं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट मागणाराच मूर्ख ठरतो. मर्ल तर या बाबतीत सोवळ्यातला. चाळीस वर्षं दोघं एकाच तंबूत झोपले, एकाच किटलीतली कॉफी प्याले, पण काडतूस कधी एकमेकांचं घेतलं नाही.

मग मर्लचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. मसुरीच्या डाळीएवढी केप चिमटीत धरावी तर ती टेबलाखाली. दारू काट्यावर ओतावी तर निम्मी मांडीवर. दोन वर्षं त्याने एकही काडतूस भरलं नाही. आणि नशीब बघा, अठरा वर्षं सोडतीत नाव घालणाऱ्या माणसाला नर एल्कचा परवाना लागला तो नेमका या ऑगस्टमध्ये. एल्क म्हणजे सांबराच्या दुपटीचं जनावर. मिझुरी नदीच्या घळींतल्या मोठ्या नरासाठी लोक आयुष्य काढतात.

तर मर्ल आला, टोपी हातात फिरवत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वीस भरून देशील का रे?"

"मी?" ऑरिन म्हणाला. "माझ्या हातचं तू घालणार?"

"घालीन म्हणतोय ना. का आता कागदावर लिहून देऊ?"

ऑरिनला काय वाटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो घरभर शीळ घालत फिरला. इंगा गेल्यापासून त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मुलगी कार्ला फोन करायची ती घर विकून बिलिंग्जला तिच्याकडे कधी येता ते विचारायला. इथे एक माणूस आपला जीव त्याच्या हातात देत होता.

आणि आता ही दोन कोरी बुडं.

ऑरिनने मागचा बुधवार आठवायचा प्रयत्न केला. त्याचा स्वतःचा नियम होता, टेबलावर एका वेळी एकच भरणी. मंगळवारी आपली वीस कडक भरली, पण नेलपॉलिश बाटलीत सुकून गेलं होतं, म्हणून ठिपके राहिले. बुधवारी मर्लची वीस सौम्य भरली. मग दुकानातून नवी बाटली आणली आणि काडतुसं उभी करायच्या, भोकं पाडलेल्या दोन्ही लाकडी पाट्या शेजारी शेजारी ठेवून ठिपके लावायला बसला. तिथेच चुकलं. अठरा झाले असताना कार्लाचा फोन आला. अर्धा तास तेच, बाबा, एकटे किती दिवस राहणार. ऑरिन चिडला, फोन ठेवला, परत आला, डबा भरायला घेतला आणि शेवटची दोन हाताला लागतील ती टाकली. चुकीच्या पाटीवरून.

तसं असेल तर ही दोन सौम्य निघायला हवीत.

काडतूस उलगडायची एक पोकळ डोक्याची हातोडी असते. तिच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि ओट्यावर आपटायचं. ठक, ठक, ठक, चौथ्या ठोक्याला गोळी आणि दारू आतल्या आत सुटते. ऑरिनने दोन्ही उलगडली. दारू काट्यावर ओतली. दोन्ही वेळा काटा सौम्य वजनावर थांबला. त्याने तिसऱ्यांदा तोललं. काट्याला त्याची दया येणार नव्हती.

म्हणजे दोन कडक, बिनठिपक्याची, मर्लच्या डब्यात होती. आणि मर्ल काल, शुक्रवारीच, ऐंशी मैल उत्तरेला घळींत गेला होता.

त्याने मर्लला फोन लावला. घळींत फोन लागत नाही हे माहीत असूनही पाच वेळा लावला. मग मर्लच्या बायकोला लावला.

"लवॉन, मर्ल कुठल्या बाजूला बसणार म्हणाला?"

"टिलमन कड्याच्या वर, पाण्याच्या टाकीपाशी. का रे? तू उद्या जाणार होतास ना?"

"आजच जातो म्हटलं."

"जा बाबा, बरंच होईल. गेले काही दिवस त्याचं डोकं ठिकाणावर नाहीये. गुरुवारी दिवसभर गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत बसला होता. मी म्हटलं, ट्रेलर दुरुस्त करतोयस की मोडतोयस? तर माझ्यावरच खेकसला. ऑरिन, काही झालंय का?"

"काही नाही," ऑरिन म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. दोन काडतुसांबद्दल या बाईला सांगायला हवं होतं. जीभ रेटेना.

रायफल, डबा आणि कोट पिकअपमध्ये टाकून तो निघाला. जेवणाची पिशवी ओट्यावर राहिली. कार्लाने नाताळला दिलेलं अंतर मोजायचं लेझर खुंटीला राहिलं. कुत्र्याला पाणी ठेवायचं राहिलं, ते आठवून तो कोपऱ्यावरून परत आला, पाणी ठेवलं, आणि तेवढ्या दोन मिनिटांसाठी वाटभर स्वतःला शिव्या देत राहिला.

डांबरी रस्ता संपेपर्यंत चाळीस मैल. ऑरिन मनात आकडेमोड करत होता. वीसमधली दोन. मर्ल बंदुकीचा नेम जुळवायला आधी एखादं उडवेल, मग जनावर दिसलं तर एक, चुकलं तर आणखी एक. म्हणजे तीन. तिनांत वाईट निघायची पाळी किती? तिनांत एक तरी निघायची... तो हिशेब सोडून द्यायचा आणि दोन मैलांवर पुन्हा धरायचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. त्याला मर्लचा उजवा डोळा दिसायला लागला. घारा, बारीक, हसताना मिटणारा. त्या डोळ्याच्या बरोबर समोर ते झाकण असतं.

मग शुक्रवारचं आठवलं. जाताना मर्ल थांबला होता. ऑरिन गॅरेजमध्ये रिकाम्या पुंगळ्या घासत होता, शीळ घालत. मर्ल दारात उभा राहिला, बराच वेळ. "काय रे, कॉफी?" "नको." "काही हवंय?" मर्लने तोंड उघडलं, मिटलं. "काही नाही. रविवारी ये," म्हणाला आणि गेला. तेव्हा ऑरिनला वाटलं, अठरा वर्षांनी परवाना लागलाय, गडी घाबरलाय. त्याने पाठमोऱ्या मर्लला टोमणाही मारला होता, "एल्क दिसला तर आधी त्याला नमस्कार कर, थोरला आहे तुझ्यापेक्षा."

मातीचा रस्ता लागला आणि बर्फ वितळून झालेला चिखलही. तिथली माती ओली झाली की चाकाला धरते आणि सोडत नाही. ऑरिनने तीस वर्षं काउंटीचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं होतं, याच रस्त्यांवर. कुठे उतार, कुठे नाला, सगळं पाठ. तरी त्या दिवशी घाई त्याच्या उरावर बसली होती. शेवटच्या उताराला त्याने पाय जरा जोरात दाबला, पिकअपचं बूड फिरलं आणि सरळ चरात जाऊन बसलं. एखाद्या पोराने असं केलं असतं तर ऑरिनने त्याला भर बाजारात सुनावलं असतं. आता कुणाला सुनावणार? तो उतरला, नारिंगी जाकीट चढवलं आणि चालायला लागला. टाकी तिथून मैलभर.

निम्म्या वाटेवर आवाज आला. जुन्या पंचेचाळीस-सत्तरचा आवाज ओळखू येतो. नव्या रायफली कडाडतात. ही दूर कुठे पिंप गडगडावं तशी वाजते. एकच बार. घळीतून घुमत तो विरून गेला.

ऑरिन थांबला. दुसऱ्या बाराची वाट पाहिली. मर्लने चुकवलं असेल तर तो पुन्हा भरून मारेल. वाजव, तो मनात म्हणाला, आणखी एक वाजव रे लेका. काही वाजलं नाही. वारा होता, झुडपं होती. मग ऑरिन धावला. गुडघे कधीच कामातून गेले होते, उजव्या बुटाला वीतभर चिखल चिकटला होता, छातीत कळ येत होती, आणि तो मोठ्याने बोलत होता, "मी केलं, मी केलं," असं काहीतरी. देवाचं नाव त्याने तीन वर्षांत घेतलं नव्हतं. ते तेव्हा घेतलं.

कड्याच्या माथ्यावर मर्ल कुबिक मांडी घालून बसला होता. दोन्ही डोळे शाबूत. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतत होता आणि निम्मी सांडत होता.

"धावतोस काय असा?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "वाकून ये. तो अजून गेला नाही. घळीच्या पलीकडे झुडपात शिरलाय. चुकवली मी. आखूड पडली, धूळ उडाली खाली."

ऑरिन त्याच्या शेजारी कोसळला. बोलायला श्वास नव्हता. त्याने मर्लच्या मांडीवरची रायफल ओढली, झाकण उघडलं, आतली पुंगळी बाहेर काढली आणि हातात घेऊन बघत राहिला.

"ही... तू ही... त्यात दोन कडक..." तो म्हणाला. "माझ्याकडून अदलाबदल झाली. मर्ल, तुझ्या डब्यात दोन कडक आहेत. उरलेली दे इकडे. सगळी दे."

मर्लने कॉफीचा घोट घेतला. खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी काढली आणि उघडली. आत काडतुसं होती, चार. पितळ काळवंडलेलं.

"ही माझी आहेत," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वीची. पाच उरली होती. एक आता उडवलं."

"आणि मी दिलेली?"

"उलगडली. वीसच्या वीस."

गुरुवारची ठोकाठोक. ऑरिनला आता कळलं लवॉन काय सांगत होती ते.  माणूस जिवंत होता, त्याचा डोळा जागच्या जागी होता. पुढच्याच क्षणी त्याला असा राग आला की त्याने ती पुंगळी चिखलात भिरकावली.

"मग मागितलीस कशाला? विश्वास नव्हता तर मागितलीस कशाला? मला ऐंशी मैल... मी वाटेत तुझं मयत करून आलो रे!"

"हळू बोल, नाहीतर तो जाईल." मर्लने कॉफीचं झाकण खाली ठेवलं. "वापरणारच होतो. आईशप्पथ. पण जित्याची खोड आहे ऑरिन, मेल्याशिवाय जायची नाही. म्हटलं, एक फक्त उलगडून बघतो. मन शांत होईल. एक उघडलं आणि मग सगळीच उघडावी लागली."

"दोन कडक निघाली."

"दोन कडक निघाली."

"कार्लाचा फोन आला होता मध्येच. ठिपके लावताना. दोन्ही पाट्या जवळ होत्या, हातून..."

"ते मी समजू शकतो," मर्ल म्हणाला. "माझ्याकडूनही झालं असतं." तो घळीकडे बघत होता, ऑरिनकडे नाही. "पण मी पहिलं उघडलं ते रिकामं होतं."

"रिकामं म्हणजे?"

"रिकामं म्हणजे रिकामं. केप आहे, वर गोळी आहे, आत दारूचा कण नाही."

 असं काडतूस कडकपेक्षा वाईट. घोडा दाबला की केप तेवढी फुटते, गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. माणसाला वाटतं काडतूस फुसकं निघालं. तो दुसरं घालतो, दाबतो, आणि नळीच फाटते. हे पहिल्या दिवशी शिकवतात. दारू ओतली की पाटी उजेडात धरून प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायचं, मगच गोळी बसवायची. ऑरिनने चाळीस वर्षं डोकावून बघितलं होतं. बुधवारीही बघितलं होतं. बघितलं होतं ना? तो आठवायला लागला आणि त्याला पाटी आठवेना. दिवा आठवला, खुर्ची आठवली, पुंगळ्यांत डोकावणं काही आठवेना. दोन कडकांना फोनचं निमित्त होतं. याला काहीच निमित्त नव्हतं.

"शुक्रवारी हेच सांगायला आला होतास," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू शीळ घालत होतास," मर्ल म्हणाला. "इंगाच्या मयतानंतर पहिल्यांदा ऐकली. नाही जमलं मला. म्हटलं, हंगाम होऊ दे, मग सांगू."

ऑरिनला तोंड लपवावंसं वाटलं. तो उठला. पिकअपकडे जातो म्हणाला, फावडं आहे, चरातून काढतो गाडी, तू बस.  तो दोन पावलं गेला असेल, मर्लने त्याच्या बुटाला धरून खाली ओढलं.

पलीकडच्या उतारावर झुडपं हलली आणि नर बाहेर आला. आधी शिंगं, मग मान, मग ते सगळं धूड. सहा सहा टोकांची शिंगं. दूरचा एकच बार झाला होता, त्याला काही उमगलं नव्हतं. तो आडवा उभा राहून खाली बघत होता.

मर्ल पालथा पडला. बांबूच्या दोन काठ्यांच्या कैचीवर रायफल टेकवली, काळवंडलेलं एक काडतूस आत सरकवलं. रिकामा असला की त्याचा हात थरथरायचा. रायफलीला लागला की बराच स्थिर व्हायचा. नेम धरायची, पल्ल्याचे आकडे कोरलेली मागची उभी पट्टी त्याने वर केली. या जुन्या गोळीचं दुखणं हे, ती जड आणि संथ, लांब पल्ल्यावर फेकलेल्या दगडासारखी खाली येते. अंतरात चाळीस वार इकडेतिकडे झालं की गोळी पायाखाली तरी जाते नाहीतर पाठीवरून तरी. पल्ला बरोबर कळला तर निम्मं काम झालं.

"मघाशी अडीचशे धरलं होतं," मर्ल पुटपुटला. "आता तो वर सरकलाय. लेझर आणलंयस?"

"घरी राहिलं."

"मग डोळ्याने सांग. किती?"

"मला नको विचारू," ऑरिन म्हणाला. "मर्ल, मी काल काय केलं ते मला आज आठवत नाही. माझ्यावर नको विसंबूस."

"काट्यापाशी नाही विसंबत आता," मर्ल म्हणाला. डोळा त्याने बंदुकीवरून काढला नाही. "पण तीस वर्षं तू हा मुलूख वाराने मोजलायस. किती?"

ऑरिनने घळीकडे पाहिलं. आधी काहीच दिसेना, डोळ्यांत पाणी होतं. ते बाहीने पुसलं. मग त्याने जसं नेहमी करायचा तसं केलं. पलीकडच्या उतारावर मनातल्या मनात आपलं यंत्र उभं केलं आणि इथून तिथवर रस्ता आखला. पहिलं शंभर त्या पांढऱ्या दगडापर्यंत. दुसरं वाळक्या झाडाच्या जरा पुढे. तिसरं पुरतं भरत नव्हतं.

"दोनशे नव्वद," तो म्हणाला. "वारा डावीकडून, हलका. वीतभर डावीकडे धर."

मर्ल कुबिक सगळं दोनदा तपासणारा माणूस. दुकानातून आणलेल्या पिशवीतले खिळे मोजायचा. बायकोने दाराला कुलूप लावलं तरी हलवून बघायचा. त्याने पट्टी दोनशे नव्वदवर आणली, विचारलं नाही, मान वर करून पाहिलं नाही, श्वास सोडला आणि घोडा दाबला.

धुराआडून काही दिसेना. मग ऑरिनला दिसलं. नर चार पावलं चालला, मागचे पाय लटपटले, आणि तो झुडपात हळूच बसला, तसाच आडवा झाला. परत उठला नाही.

"पडला?" मर्लने विचारलं.

"पडला."

मर्ल बराच वेळ तसाच पालथा पडून राहिला. त्याचे खांदे हलत होते. ऑरिनने तिकडे बघायचं टाळलं. "चल, म्हाताऱ्या," तो शेवटी म्हणाला. "वाहून कोण नेणार, तुझा आजोबा?"

पुढचे पाच तास दोघांनी बैलासारखं काम केलं. सोलणं, तुकडे करणं, पिशव्या भरून वर वाहून नेणं. मर्लच्या हाती सुरी नको म्हणून सुरी ऑरिनने चालवली. कुठे कापायचं ते मर्लने सांगितलं, सांगायची गरज नसताना. मधेच दोघं भांडले, यकृत कुणी न्यायचं यावरून. लवॉनला आवडतं म्हणून मर्ल, कुत्र्याला हवं म्हणून ऑरिन. लवॉन जिंकली.

सगळं मांस मर्लच्या गाडीत चढलं. ऑरिनचा पिकअप चरात पक्का बसला होता. तो उद्या ट्रॅक्टरने काढायचा ठरला. मर्ल थकून पांढराफटक पडला होता.

"मी चालवतो," ऑरिन म्हणाला. मर्लने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

ऑरिन पिकअपमधून आपली रायफल आणि कोट आणायला गेला. सीटवर तो डबा होता. अठरा लाल बुडं, दोन रिकामी घरं. त्याने डबा उघडून पाहिला. ही अठरा त्याने स्वतःसाठी भरली होती, त्याच आठवड्यात, त्याच खुर्चीत. मादी एल्कचा परवाना त्याच्या खिशात होता. उद्या यातलंच एखादं तो आपल्या रायफलीत घालून गालाला लावणार होता. सगळी चांगली असतील. कदाचित सगळीच चांगली असतील. तो तिथे चिखलात उभा राहून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. नुसतं बघून काही कळत नव्हतं.

परत येऊन त्याने दार उघडलं आणि डबा मर्लच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"उलगड," ऑरिन म्हणाला.

"तुझी आहेत ही."

"माहितीये माझी आहेत."

मर्लने झाकण उघडलं, लाल ठिपके पाहिले, मिटलं. "किती?" एवढंच त्याने विचारलं.

"सगळी."

 त्याने धीराचं एखादं वाक्य टाकलं असतं, तर ऑरिनने त्याला तिथेच उतरवलं असतं. मर्लने डबा दोन्ही हातांत धरला. ऑरिनने गाडी सुरू केली.

घरापर्यंत ऐंशी मैल. मर्लचे हात आता रायफलीवर नव्हते, नुसता डबा धरून बसलेले, आणि डब्यातली काडतुसं वाटभर खुळखुळत राहिली. डबा खाली ठेव म्हणून ऑरिनने सांगितलं नाही, आणि रेडिओही लावला नाही.